बांधणारा हात

“झेल गो पोरी… ओवी अशी लटकत ठेवू नाय.”

बकुळामावशीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वांगणीला तिच्या शेतात भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालली होती. गुडघाभर चिखल, पाठीवर इरली, ओळीनं वाकलेल्या बायका. एकीनं अर्धी ओवी टाकायची, दुसरीनं उरलेली अर्धी झेलायची, अशी त्यांची रीत. ओवी झेलली गेल्याशिवाय कुणी बांधावर पाय ठेवायचा नाही, मग भूक लागो की पाठ मोडो. त्या दिवशी डोक्यावरून एक पोट सुटलेलं विमान घरघरत गेलं आणि मावशीनं माझ्याकडे बघत ओळ टाकली —

वरून गं इमान गेलं, सावली भातावरी…

मी मान खाली घातली. बदलापूरच्या शाळेत जाणारी मुलगी मी, मला कुठं ओव्या जुळवता येत होत्या? शेवटी दुसऱ्याच एकीनं काहीतरी जोडून माझी सुटका केली. मावशी मात्र हातपाय धुताना म्हणाली, “तुजी ओळ तुलाच झेलायची हाय, राजसी. आज नाय तर कवातरी.”

ते कवातरी यायला उल्हासनगरच्या एका शिंप्याचं दुकान निमित्त झालं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात आम्ही एक पट्टा बनवत होतो. छातीवर बांधायचा, मऊ, दोन बोटं रुंद. हवाई दलाच्या मालवाहू विमानांत काम करणाऱ्या जवानांसाठी. उंचावर हवा विरळ होते, माणूस हळूहळू मंदावतो, आणि मंदावतोय हे त्याला स्वतःलाच कळत नाही. पट्ट्याला कळतं. तो ठोके मोजतो, श्वास मोजतो, आणि माणूस ढासळायला लागला की वैमानिकापुढे लाल दिवा लावतो. दोन वर्षं आम्ही त्याच्यामागे होतो. सेन्सर माझे, शिलाई मधू मास्तरांची. आख्ख्या उल्हासनगर कॅम्पात जीन्स शिवणारे ढिगानं, पण इलॅस्टिकवर ज्यांची सुई अडखळत नाही असे ते एकच.

“मॅडम, ये पट्टा दुबल्याला बसतो, तगड्याला नाही,” एके दिवशी दुकानात मास्तर म्हणाले. “छाती पायजे मापाला.” आणि पँट आखूड करायला आलेल्या एका उंच मुलाला त्यांनी कोपराला धरून पुढं ओढलं. “ए भाई, जरा खडा राह. मॅडमचं काम आहे.”

“काम काय आहे?” त्यानं विचारलं.

“उभं राहायचं,” मी म्हटलं. “जमेल?”

“प्रयत्न करतो.”

त्याच्या शर्टावरून मी पट्टा फिरवला, पाठीमागं हात नेऊन टोक पकडलं. साबणाचा वास… आणि थोडा पावसाचा.

“अजून घट्ट बांधा,” तो म्हणाला. “हवेत ढिला होईल.”

“हवेत? तुम्ही काय पतंग आहात?”

“पतंगाला दोरी धरणारं कुणीतरी असतं,” तो म्हणाला. “माझी अजून मोकळीच आहे.”

मधू मास्तर खाकरले. मी माप घेतलं, नाव न विचारता निघून आले, आणि स्टेशनपर्यंत स्वतःलाच रागावत राहिले. किती बोलतो हा. आणि मी तरी कशाला उभी राहिले ऐकत.

सोमवारी चाचणीसाठी हवाई दलाची तुकडी कारखान्यात आली. निळ्या गणवेशात सगळ्यात मागं, दारात डोकं आपटू नये म्हणून वाकलेला — तोच.

“सार्जंट अनीश भोईर,” त्यानं ओळख करून दिली. “लोडमास्टर. घर जांभूळला.” मग हळूच, “पतंग.”

लोडमास्टर म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाचा कारभारी. कुठलं खोकं कुठं ठेवायचं, वजन कसं तोलायचं, आणि उडत्या विमानाचा मागचा दरवाजा उघडून पॅराशूटला बांधलेलं सामान डोंगरातल्या चौक्यांवर कधी सोडायचं, हे त्याच्या हाती.

“भीती नाही वाटत? उघड्या दारात?” मी विचारलं.

“तिथं नाही वाटत,” तो म्हणाला, आणि पट्टा बांधून घ्यायला हात वर केले.

आमच्या भगवंत सरांचा एक नियम होता, आणि सरांचा नियम म्हणजे कारखान्यातली रेघ. बांधणारा हात एकच हवा. दहा जणांनी दहा तऱ्हांनी पट्टे बांधले तर मापं जुळणार कशी? म्हणून प्रत्येक जवानाला पट्टा मीच बांधायचा, मीच शेजारी बसायचं, आणि तो शांत बसलेला असताना त्याचे मूळचे ठोके नोंदवायचे. पुढं उंचावर पोचल्यावर पट्टा त्याच मुळाशी ताडून पाहणार. प्रत्येकाचं मूळ वेगळं, असं सर म्हणायचे. म्हणून अनीशचं मूळ जरा उंच निघालं तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही. धिप्पाड माणूस, असतील ठोके जास्त.

तुकडी तळावर परतली, उड्डाणं झाली, आणि निरोप आला. सगळ्यांचे पट्टे उत्तम. फक्त सार्जंट भोईरच्या पट्ट्यानं ऐन सामान सोडायच्या वेळी लाल दिवा लावला. ठोके घसरले म्हणे. वैमानिकानं विमान वळवून खाली आणलं. डॉक्टरांनी तपासलं तर गडी ठणठणीत.

मी पट्टा उसवला, सेन्सर बदलले, दुसऱ्या फेरीला तुकडी आली तेव्हा पुन्हा बांधला. उड्डाणात पुन्हा तेच.

“निरोग्याला आजारी म्हणणारा पट्टा,” भगवंत सर चष्मा पुसत म्हणाले, “खरंच कुणी आजारी पडला तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवेल? आता हवाई दलाबरोबर शेवटची बैठक आहे, राजसी. कारण सापडलं नाही तर दोन वर्षं गुंडाळून ठेवायची.”

कारण शोधता शोधता मी अनीशला मात्र जास्त जास्त भेटू लागले. शेवटच्या फेरीसाठी तुकडी पुन्हा आली होती. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन आमच्या सोसायटीखाली उभा. म्हणे, “बारवी भरलंय. मशीनला हवा खाऊ द्या जरा.”

“मशीन कारखान्यात आहे.”

“मग तुम्ही खा.”

धरणाचं पाणी सांडव्यावरून पांढरं होऊन कोसळत होतं. भाद्रपदाची सर यायची, भिजवून न भिजवल्यासारखी निघून जायची. आम्ही उकडलेल्या शेंगा खात बसलो. समोरच्या खाचरांत भात पोटरीला आलं होतं. का कोण जाणे, मी त्याला बकुळामावशीची ओळ म्हणून दाखवली.

“वरून गं इमान गेलं, सावली भातावरी… पुढं?” त्यानं विचारलं.

“पुढचं येत नाही.”

“आमची आई असती तर तुम्हाला बांधावर येऊ दिलं नसतं.”

“तुमच्याकडेही झेलतात?”

“झेलल्याशिवाय चहासुद्धा नाही.” तो शेंग सोलता सोलता थांबला. “राजसी, मला एक… म्हणजे त्या पट्ट्याबद्दल…”

“काय?”

त्यानं पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. “शेंगा खारट आहेत,” म्हणाला.

मी हसले. पण येताना त्याच्या पाठीमागं बसून मला सारखं वाटत राहिलं, काहीतरी माझ्या ओंजळीत पडता पडता राहिलं. आणि खरं सांगायचं तर हात मीच पुढं केला नव्हता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मधू मास्तरांकडून नवे पट्टे आणायला मी उल्हासनगरला गेले. यायला उशीर झाला. परतले तर तेजल, माझ्या हाताखालची मुलगी, स्क्रीनसमोर गालातल्या गालात हसत बसलेली.

“ताई, रागावू नको हां. सार्जंट थांबले होते, तू येत नव्हतीस. मीच बांधला पट्टा.”

“सरांचा नियम…”

“नियम राहू दे बाजूला. हे बघ.” तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. “मी बांधला, तर बासष्ट. आरामात. झोपाळ्यावर बसल्यासारखे. आणि हे तू बांधलेले… शंभराच्या पुढं. दरवेळी.”

मी दोन्ही नोंदी पुन्हा पाहिल्या.

“मशीनला काहीच झालेलं नाही गं,” तेजल म्हणाली. “हवेत ते बासष्टवरच असतात. पण पट्ट्याला वाटतं, याचं मूळ शंभर. मग तो बिचारा बोंब मारतो, माणूस गेला म्हणून. माणूस गेलाय, पण वर नाही. इथंच, या खुर्चीत.”

“गप बस.”

“मी गपच आहे. ठोके बोलतात.”

माझे कान तापले. पट्टा खरा होता. दोन वर्षं वाचली होती. पण वाचवायची कशी? कारण सांगायचं म्हणजे भर बैठकीत, त्याच्या अधिकाऱ्यांपुढं, एका जवानाच्या छातीतलं गुपित टेबलावर मांडायचं. तुकडीत लोक त्याला वर्षभर चिडवतील. आणि त्यानं ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. जे मला सांगितलं नाही ते मी चारचौघांत कसं सांगू?

सकाळपर्यंत मी ठरवलं. मोजण्याच्या पद्धतीत त्रुटी होती एवढंच म्हणायचं. मानतील तर मानतील.

विंग कमांडर माधवी मॅडम टेबलाच्या मधोमध बसल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी पेन खाली ठेवलं.

“त्रुटी होती. बरं. कसली?”

“नोंद घेतानाची, मॅडम.”

“पण बाकी सगळ्यांच्या नोंदी बरोबर आहेत. तोच पट्टा, तोच हात. मग एकाच माणसाची चुकते कशी?” त्यांचा आवाज कडक नव्हता. “हे मला समजलं नाही तर मी याच्यावर माझी माणसं सोपवू शकत नाही. सांगा.”

भिंतीजवळ रांगेत बसलेला अनीश माझ्याकडे बघत होता. भगवंत सरांनी चष्मा काढला, आणि पुन्हा घातला.

“सांगता येत नाही, मॅडम,” मी म्हटलं.

“मग मला पट्टा परत पाठवावा लागेल.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अनीश उभा होता, पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर.

“परवानगी असेल तर बोलतो, मॅडम. पट्टा बरोबर आहे. चूक माझी आहे.”

“काय केलंत?”

“केलं काही नाही. होतं.” तो भिंतीकडे बघतच बोलला. “राजसी मॅडम पट्टा बांधतात तेव्हा माझे ठोके वाढतात. त्यांनी बांधला नाही तर वाढत नाहीत. विमानाचं दार उघडं असलं तरी वाढत नाहीत. मला पहिल्या फेरीलाच कळलं होतं. सांगायला हवं होतं… धीर झाला नाही.”

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. तेजलनं लपवलं नाही.

माधवी मॅडमचा चेहरा तसाच राहिला, पण पेन बोटांत फिरायला लागलं. “आत्ता किती असतील, सार्जंट?”

“आत्ता पट्टा काढून ठेवलाय, मॅडम. मुद्दाम.”

मग मात्र त्यांनाही हसू आवरेना. “बसा. भगवंतराव, तुमचा बांधणारा एक हात आजपासून बंद. जवान आपला पट्टा आपण बांधेल, आपल्या तळावर, आणि मूळ ठोके तिथंच घेतले जातील. असा बदल करा. पट्टा मला हवा आहे.”

भगवंत सरांनी माझ्याकडे बघितलं. नियम मोडला तरी त्यांना दुःख झालेलं दिसत नव्हतं, हे पहिल्यांदाच.

बाहेर आवारात बारीक झिरमिर होती. तुकडीची गाडी फाटकाशी लागलेली, बाकीचे चढत होते, कुणीतरी आतून शीळ घातली. अनीश पत्र्याच्या छपराखाली थांबला होता, टोपी हातात.

“माफ करा,” तो म्हणाला. “तुमचं नाव घ्यावं लागलं.”

“मी वाचवत होते तुम्हाला.”

“दिसत होतं. म्हणून तर उठलो. तुम्ही माझ्यासाठी दोन वर्षं बुडवायला निघालात, आणि मी नुसता बसू?” तो टोपी फिरवत राहिला. “बरं झालं म्हणा. फक्त… आता मला पट्टा बांधायचं तुम्हाला काही कारण उरलं नाही.”

“नाही उरलं.”

“हं.” गाडीचा भोंगा वाजला. “मी माझी अर्धी ओवी टाकली, राजसी. सगळ्यांसमोर. झेलायलाच हवी असं नाही. पण जांभूळचा माणूस आहे मी, ओवी लटकत ठेवून बांधावर पाय ठेवता येत नाही.”

तो थांबला होता. खरंच थांबला होता, एक पाय छपराखाली, एक पावसात.

इतकी वर्षं शोधत होते ती ओळ माझ्याजवळच होती. मी त्याची टोपी काढून घेतली, आणि त्याचा रिकामा झालेला हात माझ्या दोन्ही हातांत धरला. त्याच्या मनगटातले ठोके माझ्या बोटांना लागले. की ते माझेच होते, कोण जाणे. माझं मूळ कुणी मोजलंच नव्हतं कधी.

“वरून गं इमान गेलं, सावली भातावरी,” मी म्हटलं. आवाज चिरकला, तरी थांबले नाही. “जीव माझा ठेवला बाई, त्याच्याच हातावरी.”

गाडीतली शीळ बंद पडली. अनीश अगदी हळू म्हणाला, “साध्या भाषेत सांगाल? नाहीतर तळावर पोचल्यावर मला वाटेल, नुसतंच गाणं होतं.”

“आवडतोस,” मी म्हटलं. “मधू मास्तरांच्या दुकानात पट्टा घट्ट बांधायला सांगितलंस ना… तेव्हापासून आवडतोस.”