सव्वीस नंबरची हद्द

"अठरा नाही! एकोणीस नाही! सव्वीसपण गेली!" आरती या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत ओरडत होती. "रेणुका, आज आणखी चार खुंट्या गायब!"

"म्हणजे एकूण अकरा," रेणुकानं वहीत फुल्या मारल्या.

"खुंट्यांना पाय फुटले असतील," सुदर्शन म्हणाला.

"तुझ्या डोक्याला फुटले असते तर बरं झालं असतं!" आरतीनं भावाला ऐकवलं. एरवी यावर तिघं पोट धरून हसले असते. पण समोर मनिषाताई डोक्याला हात लावून दगडावर बसली होती.

मनिषाताई नांदेडची संशोधक. गेली चार वर्षं दर उन्हाळ्यात ती मुखेडजवळच्या या माळावर येऊन सरडे मोजत होती. मे महिना आला, की इथला नर सरडा दगडावर चढून गळ्याखालचा निळा-नारिंगी पंखा उघडायचा. हा दगड माझा, इकडे फिरकू नका! पण भडक पंखा मादीला दिसतो, तसा शिक्रा या शिकारी पक्ष्यालाही दिसतो. मग जिथं शिक्रे जास्त, तिथल्या सरड्यांचे पंखे पिढी-दरपिढी लहान होत जातात का? हे ताईला शोधायचं होतं. सरडा जगतो जेमतेम वर्षभर, म्हणजे चार वर्षांत चार पिढ्या. यंदा उत्तर मिळणार होतं. प्रत्येक नराच्या दगडाशेजारी तिनं यंदा पहिल्यांदाच नंबर घातलेली लाकडी खुंटी ठोकली होती आणि सुट्टीत मदतीला ही तीन पोरं घेतली होती. रेणुका नांदेडहून आजीकडे आलेली, सुदर्शन आणि आरती गावातलीच.

"मोबाईलवर जागा दिसेल ना, ताई?" रेणुकानं विचारलं.

"मोबाईल पाच-सहा पावलं इकडंतिकडं दाखवतो गं. सरड्याची हद्द तेवढीच असते!"

तेवढ्यात मोटरसायकल फटफटत आली. सरपंच व्यंकटराव! सुदर्शनचे चुलते. गावात काही हरवलं, की चोर कोण हे त्यांना शोधाशोध करण्याआधीच ठाऊक असे.

"हे त्या मलप्पाचं काम हाय!" ते गाडीवरूनच म्हणाले. "मेंढरं चारायला खुट्या आड येऊन राहिल्या असतील. उद्या संध्याकाळी पारावर बोलावतो आन् कळप घालवून देतो गावाबाहेर."

"काका, पण कुणी पाहिलंय का त्याला?" सुदर्शननं विचारलं.

"तू गप बस. शाळेला सुट्टी हाय, तशी तोंडाला बी दे जरा!"

मलप्पा गरीब माणूस. दर उन्हाळ्यात उदगीरकडून मेंढरं घेऊन यायचा, आरतीला कोकरू उचलू द्यायचा. त्याला ऐन मे महिन्यात हाकललं, तर मेंढरांना पाणी कुठं मिळणार?

"चोर आपणच पकडायचा!" रेणुका म्हणाली. "सकाळी दहाला आपण घरी जातो तेव्हा खुंट्या जागेवर असतात. चारला येतो तेव्हा नसतात. म्हणजे चोर भर उन्हात येतो."

"मग उन्हात लपून बसायचं? भाजून वांगी होतील आपली!"

"लपायचं कशाला? नीळ आहे ना! कोरडी पूड चोळून ठेवायची. घामाचा हात लागला की रंग बसलाच!"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता उरलेल्या सगळ्या खुंट्यांवर निळीची पूड चोळून पथक घरी गेलं. रेणुका खुशीत होती. दुपारी दोनला आजीनं, सरजाबाईनं, ताट वाढलं. तव्यावरची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वरण. रेणुकानं भाकरी मोडायला हात घातला आणि तिचा घास हातातच राहिला.

भाकरीच्या कडेला अंगठ्याएवढा निळा डाग होता.

"आजी, भिंतीला नीळ लावलीस का आज?" तिनं आशेनं विचारलं. पण घर रंगवलं होतं चौदा एप्रिलच्या जयंतीला, आणि त्याला महिना होऊन गेला होता.

"न्हाई की. हाताला काय लागलंय कुणास ठाऊक, धुऊन बी निघंना."

रेणुकानं तो निळा तुकडा आधी तोंडात टाकला आणि न चावता गिळला. पुरावा गेला पोटात. पण मलप्पाचं काय?

"आजी, खुंट्या तू उपटल्यास?"

आजीनं नाही म्हटलं नाही. "हाव. मीच उपटल्या."

"अगं, पण का?"

"तुझा बाप लहान होता, तवा पयल्यांदा खुट्या आल्या. तलावाच्या. माझ्या पाच एकराचं तीन झालं. मग आल्या झाडं लावायच्या. तीनाचं दीड झालं. झाडं बी जगली न्हाईत! हे गायरान, आमी दगडं येचून, नांगरून खाल्लं, पण कागद न्हाई जवळ. खुटी आली की जमीन जाती, येवढं मला कळतंय."

"मग ताईला विचारायचंस ना!"

"गेले की. 'मावशी, परवानगीचं काम आहे, सरपंचांना विचारा' म्हणली. सरपंचाला इचारलं, तर त्यो म्हणला, 'सरजाबाई, तुला काय कळतंय त्यातलं?'"

रेणुकाला ताईचा राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण नीळ लावायची अक्कल तिचीच होती. ताईची फाईल तिच्याकडेच असायची. तिनं ती उघडली. नकाशावर प्रत्येक सरड्याची हद्द रंगीत पेन्सिलीनं आखलेली होती. त्या हद्दींच्या मधोमध, आजीच्या दीड एकराच्या जागी, मात्र नुसता कोरा कागद होता. मागं सरपंचांच्या सहीचं परवानगीपत्र होतं. ते वाचताना तिचे कान तापले.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. मलप्पा उभा होता.

"दाखव हात!" सुदर्शन पुढं झाला. "बघा, निळे नाहीत! यानं खुंट्यांना हात लावलेला नाही!"

"धुतले असतील," व्यंकटराव म्हणाले.

"इल्ला, साहेब!" मलप्पा काकुळतीला आला. "मी न्हाई घेतल्या!"

"बास! उद्या सकाळी कळप हलव."

"थांबा!" रेणुका उठली. "मला चोर माहीत आहे. पण आधी हा कागद वाचायचा. सुदर्शन, वाच मोठ्यानं!"

सुदर्शन शाळेत धडा वाचतात तसा खणखणीत वाचू लागला, "'सदर माळ रिकामा असून तेथे कोणाचीही शेती नाही. संशोधनास ग्रामपंचायतीची हरकत नाही. सही, सरपंच.'" वाचून झाल्यावर त्यानं चुलत्याकडे बघितलं. "काका, मग त्या माळावर दरवर्षी तूर कुणाची असते?"

मनिषाताईनं मान खाली घातली.

"माझ्या आजीची," रेणुका म्हणाली. "खुंट्या तिनंच उपटल्या. तिला वाटलं, पुन्हा मोजणी आली. ती विचारायला गेली होती, दोघांकडंही. कुणी सांगितलं नाही!"

व्यंकटराव क्षणभर गडबडले. पण मुरलेला गडी! "अरे, ते छापील असतं, सगळ्याच कागदावर तसंच लिव्हतात," असं म्हणून त्यांनी पत्राची घडी केली आणि खिशात घातली. मग जोरात टाळ्या वाजवल्या. "पण पोरगी बघा! सख्ख्या आजीला बी पाठीशी घातलं न्हाई! शाब्बास! मलप्पा, ऱ्हा तू. आणा रे शाल!"

शाल आली, नारळ आला, तिघांना वह्या मिळाल्या. म्हातारे म्हणाले, अशी हुशार पोरं गावाचं नाव काढतात. गावाच्या ग्रुपवर फोटो पडला, 'चिमुकल्यांनी लावला खुंटी-चोराचा छडा!' फोटोत सरपंचांचा हात रेणुकाच्या डोक्यावर होता. मागं, कडेला, आजी निळे हात पदराखाली धरून बसली होती. दीड एकराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

घरी रेणुकानं शाल आजीच्या अंगावर घातली. आजीनं ती काढून नीट घडी केली. "चोराच्या घरात सत्काराची शाल कशाला?" ती म्हणाली. रेणुका हमसून हमसून रडली.

सकाळी मनिषाताई दारात आली. "मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी मी नीट सांगायला हवं होतं."

"चहा घे," आजी म्हणाली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मग तिनं फडक्यात बांधलेल्या सगळ्या खुंट्या आणल्या. एकही मोडलेली नव्हती. "चल. दगड न् दगड माझ्या वळखीचा हाय. कोणती कुठनं काढली, दावते."

पोरांनी खुंट्या धरल्या, आजी दगड दाखवत गेली. ताई खाली बघूनच लिहीत होती. त्या सगळ्या सरड्यांच्या यंदाच्या नोंदी तुटल्याच होत्या. उत्तर आता पुढच्या उन्हाळ्यावर गेलं होतं. नकाशातल्या कोऱ्या जागी तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'सरजाबाई यांची तूर'. पण त्या नकाशाला सरकारदरबारी कोण विचारतो, हे आता रेणुकालाही कळत होतं.

शेवटच्या दगडावर एक नर बसला होता. शेपटीवर ताईनं ओळखीसाठी लावलेला हिरवा ठिपका. त्यानं मान उंचावून पंखा उघडला.

"ही याची जागा?" आजीनं विचारलं.

"हो, सव्वीस नंबरची," आरती म्हणाली.

"कागदावर हाय?"

"हाय की! चारी बाजूंनी आखलेली!"

आजीनं पदर खोचला.

"लई नशिबाचा हाय," ती म्हणाली, आणि खुंटी ठोकायला दगड उचलला.