वाणातलं विरजण

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या सतरंजीवरच्यांनीही या. देवाच्या दारात पुढचे आणि मागचे असं काही नसतं. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज त्या काळातली गोष्ट सांगतो, जेव्हा गडहिंग्लजच्या बायका शेजारणीकडे दोन विरजणं मागायच्या. एक दह्याचं, दुसरं, संक्रांतीच्या वाणातलं, राखणीचं.

राखणविरजण म्हणजे काय? दह्यात जे जिवाणू असतात, त्यांचीच भावंडं बाईच्या शरीरात, गर्भाशयाच्या मुखाशी गुण्यागोविंदानं नांदत असतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो बहुतेक वेळा एका विषाणूपायी, आणि हा विषाणू वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्या काळच्या शास्त्रज्ञांनी या भावंडांना नवीन काम शिकवलं: विषाणू शिरलेली पेशी हेरायची आणि गाठ धरण्याआधीच तिचा निकाल लावायचा. मुलींना लस होतीच. त्यांच्या आया-आज्यांसाठी हे विरजण. वाटीभर पोषकपाण्यात चमचाभर घातलं की सकाळपर्यंत लागायचं.

आता सांगा, विरजण कुणी विकतं का? शेजारीण वाटी घेऊन आली की आपण हसून देतो. झालं, तिथंच सुधन्वा सबनीसची नोकरी गोत्यात आली.

सुधन्वा पुण्याच्या एका औषधकंपनीत बाजार-भाकितकार होता. या कर्करोगाचं औषध पुढं किती खपेल, हे आधी सांगायचं, हे त्याचं काम. त्याचा आलेख घाट चढावा तसा चढत होता, तो एकाएकी दरीत कोसळला. साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "बाजार जिवंत असल्याचा पुरावा आण. नाहीतर तुझा विभाग बंद आणि कारखानाही बंद." बिचारा रोज देवापुढं हात जोडून म्हणायचा, "सर्वांना आरोग्य दे," आणि मग हळूच, "जरा बेतानं दे."

पुरावा शोधत तो थेट गडहिंग्लजला, विरजणाच्या कर्त्या डॉ. मंदाकिनी शिंत्रे यांच्या घरी पोचला. संक्रांतीचे दिवस. आत हळदीकुंकू चाललेलं. बाईंनी त्याला ओसरीवर बसवून हातावर तिळगूळ ठेवला.

"तुम्ही हे फुकट वाटता?" त्यानं विचारलं.

"फुकट कसं ओ? वाणात देतो. नाव घेतल्याबिगर वाटी नाही. ऐका की!"

आतून खणखणीत आवाज आला:

"राखणीच्या विरजणानं मोडली रोगाची खोड,
दत्ताजीरावांचं नाव घेते, तिळगूळ घ्या गोड!"

हशा उसळला. कुणीतरी ओरडलं, "रोगाची मोडली, दत्ताजीरावांची कधी मोडणार गं?"

"अहो पण डॉक्टर, बाजाराचं काय?"

"बाजार भरतोय की आठवड्याला. वांगी बेष्ट मिळतात."

सुधन्वानं निमूट टॅब काढून आलेख दाखवला. "हसू नका. ही बघा रेघ. कोसळली खरी, पण जमिनीला टेकली नाही. चार वर्षं बारीकशी, पण ठाम उभी आहे. म्हणजे या बाजाराला भवितव्य आहे!" आनंदाच्या भरात तो तिळाचा लाडू अख्खा गिळून बसला आणि ठसकला.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "टेकायलाच पाहिजे होती. विरजण गावोगाव गेलंय. मग या राहिल्या कोण?"

पाणी वेगळं असेल, आहार वेगळा असेल, विषाणूनं रूप बदललं असेल. बाई एकेक शंका काढत होत्या आणि स्वतःच खोडत होत्या. तेवढ्यात सुधन्वाच्या आईचा, द्वारकाबाईंचा फोन आला. त्याचे हात चिकट, म्हणून त्यानं तो स्पीकरवर घेतला.

"तिळगूळ खाल्लास का रे?"

"खाल्ला. आई, तू राखणविरजण कुणाकडून घेतलंस गं?"

"मला कोण देतंय? ते वाणात वाटतात ना. तुझे बाबा गेल्यापासून मला कुठल्या हळदीकुंकवाचं बोलावणं येतं? आणि नाव घ्यावं लागतं म्हणे. मी मेली आता कुणाचं घेऊ?" त्या स्वतःच हसल्या. "बरं, जरा अंगावर जातंय रे. पाळी जाऊन जमाना झाला, आता हे काय नवीन. वयाचं असेल. कुणाला सांगू नकोस."

आत पुढचा उखाणा सुरू झाला होता. बाईंनी वळून आतल्या दाराकडं पाहिलं.

"मी सगळं उंदरांवर तपासलं होतं, सबनीस," त्या म्हणाल्या. "उंदरांत विधवा नसतात."

सुधन्वानं त्या बारीक रेघेकडं पाहिलं. आता ती रेघ वाटेना. कुणीतरी दाराबाहेर ओळीनं उभं असावं तशी दिसू लागली.

"आजच्या आज तपासणीला न्या त्यांना," बाई म्हणाल्या. "विरजण राखण करतं, झालेली गाठ घालवत नाही. गाठ असली तर औषधच लागेल. तुमचंच."

मग बाई तडक आत गेल्या, उखाणे थांबवले आणि ताटातल्या वाट्या उचलून आधी कुणाकुणाच्या दारी न्यायच्या ते सांगितलं. दत्ताजीरावांची बायको सगळ्यांत आधी उठली. तिची थोरली जाऊ मागच्या अंगणात भांडी घासत होती.

सुधन्वानं अहवालात लिहिलं: ग्राहक थोड्या आहेत, पण आहेत, त्यांत माझी आई आहे. कंपनीनं उत्तर धाडलं, अत्यंत सभ्य भाषेत: एवढ्या थोड्यांसाठी कारखाना चालवणं परवडत नाही.

द्वारकाबाईंना गाठ निघाली. कारखान्याच्या शेवटच्या खेपेतली शेवटची मात्रा त्यांना मिळाली आणि त्या बऱ्या झाल्या. अजून मुलाला फोनवर रागावतात. त्यांच्या मागं जी बाई रांगेत होती, तिला मिळाली नाही. ती कोणत्या गावची, काय नावाची, मलाही ठाऊक नाही.

तेव्हा माय-माउल्यांनो, एवढंच मागणं आहे. येत्या संक्रांतीला आपापल्या धन्यांची नावं घेऊन झाली, हसून झालं, की घटकाभर गप्प राहा आणि तिची आठवण काढा, जिचं नाव कुणीच घेतलं नाही.