आईचा डबा संपल्यावर

"हा ट्रे फेकावा लागेल," हिशोब्या म्हणाला, आणि रेवा धावतच त्याच्यापाशी आली.

हिशोब्या हा मावळातल्या मत्स्यबीज केंद्राचा रोबो. ट्रेमध्ये होती खडस माशाची अंडी. नदीतून हा मासा जवळजवळ नाहीसा झालेला. मोठ्या मुश्किलीनं एवढीच अंडी हाती लागलेली. मेलेल्या अंड्याला बुरशी धरते आणि शेजारचीही मरतात, म्हणून बिघडलेली अंडी वेळीच काढायची, हा तिथला शिरस्ता.

"पण बिघडली कशावरून?"

"तुझ्याच प्रतिमानावरून (खऱ्या घडामोडीचं गणितात मांडलेलं रूप). विभागणीच्या दर फेरीला पेशी दुप्पट. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आतापर्यंत बिनचूक. आता मागं पडल्या. म्हणजे आजारी." त्याचा हात ट्रेकडे निघालासुद्धा.

रेवा रडकुंडीला आली. हे गणित तिनंच मोठ्या ऐटीत त्याला शिकवलं होतं! तिनं ट्रेवर वाकून पाहिलं. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ही तर मधाच्या थेंबांसारखी नितळ.

"ए, थांब! आजोबा, अंडी ठणठणीत आहेत. चुकलंय माझं गणित. पण कुठं?"

रेवाचे आजोबा या केंद्रातलेच पेशींचे शास्त्रज्ञ, पण सरळ उत्तर देतील तर शपथ! "सहलीला आईनं एकच डबा दिला," ते मिशीत हसले, "आणि खाणारे दर फेरीला दुप्पट. मग काय होईल गं?"

"संपेल की! मग ज्याचं त्यानं रांधायचं. कुणी पटकन उरकेल, कुणाला वेळ लागेल... अगं बाई! अंड्यातही आईनं भरलेला साठाच असतो ना?"

"असतो. त्यावर पेशी भराभर विभागतात. अंडं तेवढंच राहतं, वाटेकरी वाढतात. साठा ओसरला, की प्रत्येक पेशी स्वतःची जनुकं (शरीर घडवण्याच्या सूचना) वापरू लागते."

"आणि प्रत्येकीचा वेग वेगळा!"

रेवानं संगणकावरच्या प्रतिमानात नवा नियम घातला: दर पेशीमागचा साठा कमी झाला, की फेरी लांबवायची. पडद्यावरची रेघ वाकली आणि खऱ्या मोजणीवर नेमकी बसली.

हिशोब्याचा हात मागं गेला. "अंडी निरोगी. प्रतिमान आजारी होतं."

पुढं काही दिवसांनी अंड्यांत काळेभोर डोळे दिसू लागले, शेपट्या वळवळल्या. रेवाला आनंदानं काय करू नि काय नको झालं.

"आजोबा, कुठल्या पेशीनं डोळा व्हायचं नि कुठल्या पेशीनं शेपूट, हे कसं ठरतं?"

"मांड की गणित!"

"मांडते. पण आता आधी अंड्यांकडे नीट बघीन, मगच हिशोब्याला शिकवीन."