शिस्तप्रिय शिपाई

दार ओढून घे रे. हां, आता बसा. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्या जिवावर बेतलं तो माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणतात. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. शिंपी असून 'शनिवारी देतो' म्हणाला की शनिवारीच देतो, यावरून काय ते समजा.

गेल्या थंडीतली, शनिवारचीच रात्र. बाजारामागच्या जुन्या पोलीस चौकीत संग्रहालय केलंय. पुढे दोन खोल्या, मागे एक कोठडी. भिंतीवर काठ्या, बेड्या, कंदील. मधोमध बिनडोक्याचा लाकडी पुतळा, त्याच्या अंगात जुना गणवेश. खाली पाटी : 'शिस्तप्रिय शिपाई'. तो गणवेश कसर लागून विरत चालला होता. तसाच नवा शिवून हवा, म्हणून तिथली देखभाल करणाऱ्या निवृत्त हवालदारांनी मास्तरला बोलावलं होतं. दुकान आवरून तो पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. बघायला आलेली माणसं केव्हाच गेली होती.

मास्तरनं आधी सगळं फिरून पाहिलं. कोठडीपाशी गज हलवून म्हणाला, "आत जाता येतं का?"

"कुलूप गंजून बसलंय," हवालदार म्हणाले. "लोक बाहेरूनच बघतात."

मग मास्तर मापाला लागला. खांदा झाला, बाही झाली. "गिऱ्हाईक असावं तर असं," तो हसत म्हणाला. "माप घेताना पोट आत ओढत नाही."

हवालदार हसले नाहीत. तेवढ्यात दिवे गेले.

"फ्यूज उडाला असणार. मागच्या बाजूनं बघून येतो," म्हणत ते बाहेर पडले.

हातातलं काम अर्धं ठेवणं मास्तरला जमत नाही. मोबाइलचा उजेड लावून त्यानं तो टेबलावर टेकवला आणि टेप पुतळ्याच्या छातीभोवती गुंडाळली. टोकं जुळवली, आणि... टेप ताणली गेली. त्याच्या बोटांतून सरकली. मग सैल पडली. पुन्हा ताणली. सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते ना, तशी.

त्यानं टेप सोडून दिली. थंडीनं बोटं बधिर झालीत, असं स्वतःला समजावलं.

तेव्हा कोठडीतून आवाज आला.

"दादा... पाणी."

ऐकणाऱ्याचाच घसा सुकावा, असा आवाज. मास्तरला वाटलं, बघायला आलेलं कुणीतरी आत अडकलं. कुलपाचं त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यानं गजांतून आत धरली. आत काळाकुट्ट अंधार.

"देऊ नकोस."

हे मागून. शांत आवाज. हुकूम द्यायची सवय असलेला.

हवालदार आले असं वाटून मास्तर वळला. दारात कुणी नव्हतं. खोलीत फक्त पुतळा. मघाशी त्याची छाती दाराकडे होती. आता कोठडीकडे होती.

"देऊ नकोस. अजून कबूल करत नाही तो."

मास्तर मला म्हणाला, "पळावंसं वाटत होतं. पण बाटली मागे घ्यायला हात होईना रे. कुणी पाणी मागतंय आणि आपण..."

त्यानं हात तसाच धरला. पलीकडून बोटं लागली. वाळक्या पाचोळ्यासारखी. बाटली गेली. मग घोटांचा आवाज. एक... एक... एक.

"ठीक आहे," मागचा आवाज म्हणाला. "मग त्याच्या जागी तू."

मास्तर जो सुटला तो थेट रस्त्यावर. पिशवी, मोबाइल, सगळं तिथंच. रस्ता सुनसान. मागे बूट वाजले. खिळ्यांचे. टाक्... टाक्... धावत नव्हते. चालत होते. हा जिवाच्या आकांतानं पळत होता, तरी अंतर वाढेना.

घरात शिरून त्यानं कडी घातली. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, मागे कोण आहे?" म्हणजे बूट त्यांनाही ऐकू आले.

बूट दारापर्यंत आले. थांबले. आता कडीचाच काय तो आडोसा.

काहीच वाजलं नाही.

मग बाहेरून तोच आवाज. "बाजूला हो."

शांतता.

"बाजूला हो म्हणतो ना."

शांतता...

नवराबायको एकमेकांचा हात धरून भिंतीशी बसून राहिले. उजाडता उजाडता बूट वळले. दूर गेले.

सकाळी हवालदार मोबाइल आणि टेप घेऊन आले. मास्तरनं सगळं सांगितलं. ते खुर्चीवर टेकले.

मग म्हणाले, "फार जुनी गोष्ट. ऐन उन्हाळा होता. चोरीच्या संशयावरून एका मजुराला त्या गणवेशाच्या शिपायानं आत टाकलं. कबूल करीपर्यंत पाणी बंद. तो तिथंच गेला. चोर पुढे दुसराच निघाला... पाटीवर एवढं कुठे लिहिणार?"

उठून दाराबाहेर पडताना ते एकदम थबकले. खाली वाकले.

"मास्तर, रात्री दाराशी कोण उभं होतं?"

दगडी पायरीवर दोन पावलं उमटली होती. अनवाणी. ओली. टाचा दाराला लागलेल्या, बोटं रस्त्याकडे.

यंदा भर उन्हाळ्यात मी स्वतः त्या पायरीला हात लावून पाहिला. दगड चटका बसेल असा तापला होता. पावलं तेवढी... ओली होती.