पगाराच्या कागदांमागचा उंट

प्रकरण सुटलं, गुन्हेगार सापडला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली गेली. यातलं काहीही घडलेलं नाही. ऑफिसचं तसं अधिकृत म्हणणं आहे.

बुधवारी सकाळी अकरा वाजता दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इंटिरियर कंपनीच्या मीटिंग रूमचं दार बंद झालं. एचआरच्या दर्शना मॅडमनी आत बसवलेल्या तिघांचीही कार्डं काढून घेतली होती. दार कार्डाशिवाय उघडत नाही. मजला बाविसावा, त्यामुळे खिडकी कशानेच उघडत नाही.

"सोमवारी माझ्या ड्रॉवरमधून पगाराची शीट कोणीतरी काढली, वाचली आणि परत ठेवली." मॅडमनी पिन मारलेले कागद नाचवले. शेवटच्या पानावर उंटाचं चित्र होतं. "हा बघा चहाचा डाग. मी चहा पीत नाही. ज्याने वाचली, त्याचा व्हिसा आज कॅन्सल. सतीशजी, तुम्ही सगळ्यात जुने. शोधा."

सतीश चौदा वर्षं ॲडमिनला होता. संशयित दोन. सेल्समधला हारुन, मूळचा खेडचा. बायको आणि मुलगी त्याच्या व्हिसावर. आणि डिझायनर इशिता, दुबईतच वाढलेली. भारत तिला फक्त सुट्टीपुरता माहीत.

"आधी चहा सांगू या," म्हणत सतीशने सवयीने पाकीट काढलं. ऑफिसला दाट, कडक असा करक चहा कायम तोच पाजायचा.

"ठेवा ते, सतीशभाई. मी सांगतो," हारुन म्हणाला.

"सोमवारपासून तूच पाजतोयस."

"सवाब कमावतोय, हबीबी. तुमचं ते पुण्य."

मॅडमची चहाला हरकत नव्हती, फक्त दार उघडायला होती.

"अंकल, माझं जॅकेट घ्या, एसी खूप आहे," इशिता म्हणाली. "आणि आजपण मीच ड्रॉप करते. मेट्रो नको."

सतीशने जॅकेट घेतलं आणि चौकशी सुरू केली.

"हारुन, सोमवारी सकाळी कुठे होतास?"

"प्रिंटरपाशी. मुलीच्या शाळेसाठी रंगवायचं चित्र प्रिंटला पाठवलं होतं. सापडलंच नाही."

"शीट पाहिलीस?"

"नाही."

"इशिता?"

"नो, अंकल. व्हॉट शीट?"

दोघंही कार्पेटकडे बघत होते.

सतीशने मॅडमच्या हातातले कागद पुन्हा एकदा निरखले. उत्तर सापडलं होतं. आवडलं नव्हतं.

"मॅडम, कागद ड्रॉवरमध्ये नव्हतेच. तुम्ही ते प्रिंटरवर विसरलात. मग गठ्ठा उचलून तशीच पिन मारलीत. हारुनच्या मुलीचा उंट त्यात अडकला. मागे बघा."

मॅडमनी उलटून पाहिलं. उंट हसत होता.

"पण वाचलं कोणी?"

"दोघांनी, हातात चहा घेऊन. सोमवारपासून मला कोणी चहाचे पैसे देऊ देत नाही, मेट्रोने जाऊ देत नाही. मी आजारी नाही, घरी सगळे बरे आहेत. मग ही दया कशाची? त्या शीटमध्ये सगळ्यात खाली, सगळ्यात कमी पगाराचा, मी आहे."

"सॉरी, अंकल. समोरच पडलं होतं."

"वाचायला नको होतं. पण वाचून कोणाला सांगितलं नाहीत. मलासुद्धा." सतीश मॅडमकडे वळला. "तुम्हाला तर सात वर्षं माहीत आहे, मॅडम. तुम्ही एकदाही सोडलं नाहीत घरी."

त्याने कोरा कागद पुढे ओढला.

"रिपोर्टमध्ये कोणाचं नाव लिहू? या दोघांचं लिहिलं, तर कागद कोणी सोडले तेही लिहावं लागेल."

"सॉरी," मॅडम म्हणाल्या. इतक्या हळू, की उंटानेही ऐकलं नसेल. "खलास. असं काही झालंच नाही."

कार्डं परत मिळाली. दार उघडलं. दोघं बाहेर पळाले. सतीश तिथेच बसून रिपोर्ट लिहू लागला:

'चौकशीत काहीही आढळले नाही. तथापि, पगाराच्या यादीत आपण शेवटचे आहोत, हे अर्जदारास कळलेले आहे. ते त्यास पूर्ववत न कळलेले करून मिळावे, ही नम्र विनंती.'