परत न आलेले बफर

...आणि साहेबांनी विचारलं, "फोन मुके का पडतायत?"

साहेबांचा प्रश्न टेबलावर तसाच पडून होता. भर दुपार, सगळे दिवे चालू. हे माझ्यासमोर घडलं. खरं मानायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं सॉफ्टवेअर फोनवरचे आवाज वाहून नेतं. आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला स्मृतीच्या साठ्यातून एक बफर, म्हणजे रिकामा डबा, मिळतो. आवाज पोहोचला की डबा साठ्यात परत. साठा संपला, की सगळे फोन मुके.

आमचे डबे परत येत नव्हते.

"डबे काय भूत खातंय?" साहेब माझ्याकडे वळले. "संध्याकाळपर्यंत गळती थांबली नाही, तर तुम्ही घरचा रस्ता धरा."

डबा घेणाऱ्या भागानं त्यावर आपली खूण उमटवायची, हा आमचा शिरस्ता. हरवलेल्या डब्यांवरची खूण मी पाहिली...

गवंडीची.

गवंडी माझा मित्र. या यंत्रणेचा पाया त्यानं रचला, म्हणून हे नाव. तो वारला, आणि त्यानं लिहिलेला भाग आम्ही काढून टाकला. तो परत बसवू शकेल अशी एकच व्यक्ती होती. त्याची बायको. माझ्याच शेजारी बसून, हेडफोन लावून आवाज तपासणाऱ्या वहिनी.

संशय आला. त्याची लाजही वाटली.

"वहिनी, जुनं काही चालू केलंत का?"

"मी कशाला करू, भाऊजी?"

नजर मात्र पडद्यावरून हलली नाही.

परत आलेला डबा आम्ही पुसत नाही. तेवढाच वेळ वाचतो. जुन्या आवाजांचा गाळ उरला असेल, असं स्वतःला समजावलं. सगळे डबे पुसले. बाहेरून फोन आणणाऱ्या तारा काढल्या. यंत्र नव्यानं सुरू केलं.

साठा पुन्हा घटू लागला... एकेक डबा... सावकाश.

मी हेडफोन चढवला आणि त्या हरवणाऱ्या डब्यांतला आवाज लावला.

आधी श्वास. मग गवंडीचा आवाज.

"जेवलीस?"

शांतता... नेमकी एका उत्तराएवढी.

"खोटं बोलू नकोस."

पुन्हा शांतता. शेजारी वहिनींचे ओठ हलत होते.

मग तो थबकला.

"थांब... कुणीतरी ऐकतंय."

साठा घटायचा थांबला.

गळती मिटली होती. माझी नोकरी वाचली होती. मी हेडफोन काढला.

"वहिनी, हा आवाज तुम्हीच भरलात ना? साहेबांना नाही सांगणार मी. फक्त हो म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्येच फोन तोडणाऱ्याकडे पाहावं, तसं.

"वहिनी... हो म्हणा ना."

खुर्ची मागे सरकली. त्या उठल्या, हेडफोन टेबलावर ठेवला आणि चालत्या झाल्या.