मागच्या खोलीत मूल असताना

त्या रविवारी गावातल्या यूला कुटुंबाच्या जुन्या घरी नाच होता; मी गेले ती गंबोचं, आमच्या दाट रश्शाचं, पातेलं पोचवायला. फिडल, म्हणजे माझं व्हायोलिन, गाडीत होती, पण ती नेहमीच असते. बुधवारपासून चाळीस दिवसांचे उपास लागणार, म्हणजे ईस्टरपर्यंत नाच नाही. त्यामुळे दुपारी दोनलाच भाताच्या शेतापर्यंत गाड्या लागल्या होत्या.

आम्ही केजन, अमेरिकेच्या दक्षिणेतले फ्रेंच बोलणारे; मला इथे सगळे तांत अझेली म्हणतात. तांत म्हणजे मावशी, आत्या, काकू, जे लागेल ते. लग्न केलं नाही, म्हणून सगळ्या गावाची झाले. मी तोंडाची फटकळ. पण जिथे बोलायला हवं होतं तिथेच मूग गिळून बसले, म्हणून तर हे सांगतेय.

घर कित्येक वर्षं रिकामंच. ब्लेझ फ्युझलिये आणि त्याच्या बँडच्या पोरांनी ते झाडून घेतलं होतं. ब्लेझचं अ‍ॅकॉर्डियन आमच्या आजोबांच्या वळणाचं, पण जोडीला ड्रम आणि विजेवरची गिटार. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. पण पाय काय माझं ऐकतात? दुसऱ्याच गाण्याला ते ठेका धरून मोकळे झाले. खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

म्हणूनच जानेवारीत मी ब्लेझला ओनेझीमचा वॉल्ट्झ शिकवला. ओनेझीम माझ्या आईचा काका. त्याच्यानंतर तो वॉल्ट्झ फक्त मला येत होता, आणि माझंही आता वय झालंय. चाल दिली, फक्त तिचा नियम सांगितला नाही.

पूर्वी नाच घरोघरी व्हायचे. तान्ही मुलं मागच्या खोलीत एका मोठ्या पलंगावर ओळीने निजवायची, आणि निघताना अंधारात चाचपून आपापलं उचलायचं. असंच एकदा, याच घरात, एका जोडप्याने आपलं समजून ओनेझीमचं मूल उचललं. वाटेत त्यांची घोडागाडी पुलावरून बायूच्या, आमच्या संथ गढूळ ओढ्याच्या, पाण्यात गेली. कुणी वाचलं नाही. त्यांचं स्वतःचं मूल मात्र इथे पलंगावर झोपलेलं होतं. ओनेझीमने मग आपल्या लेकराला परत बोलावणारा वॉल्ट्झ बांधला. मला शिकवताना म्हणाला, "मागच्या खोलीत मूल असताना हा वाजवू नकोस, पोरी. येतो तो... जिथून नेला, तिथेच येतो."

हे ब्लेझला सांगितलं असतं तर त्याने वाजवलाच नसता. शिवाय हल्ली नाचाच्या घरी मुलं निजवतं कोण? मरण्याआधी एकदा तो ड्रमसकट ऐकायचा होता मला. माझा हट्ट, दुसरं काही नाही.

वॉल्ट्झ सुरू झाला. मी फिडलवर साथ धरली. जोड्या गोल फिरू लागल्या. त्यात माझा भाचा नोलन आणि त्याची बायको कर्स्टन. ती ओहायोची. आधी आमच्या गाण्यांवर भाळली, मग नोलनवर. आमची फ्रेंच नोलनपेक्षा बरी बोलते. नाचत माझ्यासमोर आली आणि मला तिचे मोकळे हात दिसले.

"रेमी कुठंय गं?" मी विचारलं.

"मागे निजवलाय! मोठ्या पलंगावर, अगदी तुमच्या वेळी निजवायचे तस्सा," ती हसत म्हणाली. "नोलनला तर काही माहीतच नव्हतं, बघा. केजन म्हणे!"

माझ्या हातातला गज थांबला.

"ब्लेझ!" मी ओरडले. "अरे ब्लेझ!"

आमच्यात वाजवणाऱ्याला ओरडूनच शाबासकी देतात. ब्लेझ मला पाहून हसला, आणखी जोराने भाता ओढू लागला. नाचणारेही माझ्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागले. मी फिडल टाकली आणि माणसं ढकलत मागे धावले. दाराशी पोचले तेव्हा वॉल्ट्झ संपला होता.

खोलीच्या झडपा बंद होत्या. आत अंधुक होतं, गार होतं, आणि चिखलाचा वास येत होता. पलंगावर दोन मुलं निजली होती.

दोघांच्या अंगात निळा सदरा. दोघांची मूठ तोंडाशी. सात महिन्यांचा रेमी मी शंभरदा कडेवर घेतलाय, पण देवाशपथ सांगते, मला ओळखता येईना.

"तांत... काय झालं? रडला का?" कर्स्टन माझ्यामागून आत आली. ती वाकली आणि जवळचं मूल उचललं. दुसऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "किती शांत झोपलंय माझं पिल्लू," ती पुटपुटली.

"थांब... कर्स्टन, जरा थांब..."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ती त्याला छातीशी धरून बाहेर गेली.

राहिलेल्या मुलाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. घे म्हणून दोन्ही हात वर केले.

मी ते घ्यायला हवं होतं. पण मी भ्याले. आधी उजेड हवा म्हणून वळले आणि खिडकीची झडप ढकलली. परत पाहिलं तर पलंग रिकामा.

गोधडीवर दोन लहान खळगे होते. कर्स्टनने मूल उचललं त्या खळग्यावर मी हात ठेवला. तो ओला होता, गार होता. बोटांना बायूचा काळा गाळ लागला.

मग दुसऱ्यावर हात ठेवला. तिथे कोरडं होतं. दुधाचा वास येत होता, आणि अजून ऊब होती.

बाहेरून ब्लेझने हाक मारली, "तांत, कुठे गेलात? लोक म्हणतायत, तोच आणखी एकदा!"

मी हात तसाच ठेवून बसले, ती जागा निवेपर्यंत.